पुकारा झाला तेव्हा मंडळ हजर होते

प्रति,
मा. ध्वनी-नियमन अधिकारी साहेब,
ध्वनी-नियमन कक्ष (हंगामी),
जुनी धान्य गोदाम इमारत, वरचा माळा.

अर्जदार : रश्मी संघपाल उंदिरवाडे, मु. बिजाटोला,
बुधवार बैठक मंडळाकरिता.

विषय : मंडळाचा मागितलेला इतिहास सादर करणे; 'पुकारूनही गैरहजर' हा शेरा रद्द होणे; आणि खोलीचे सील काढून वामनराव उंदिरवाडे यांचे व्हायोलिन परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, ज्यात 'इतिहास तीन प्रतींत सादर करावा, अन्यथा मंडळ अस्तित्वात नाही असे समजून मंडळावर कारवाई करण्यात येईल' असे कळवले आहे.
२) गेल्या बुधवारचा एकतर्फी आदेश.
३) आपण जिन्यात उतरता उतरता दिलेली 'काय ते लेखी द्या' ही तोंडी सूचना.

महोदय,

१. आपल्या कार्यालयाने मंडळाचा इतिहास मागवला, याबद्दल मंडळ आपले आभारी आहे. आजवर मंडळाला कोणी साधे 'कसे आहात' विचारले नव्हते. शासनाने एकदम इतिहासच विचारला. अर्जदार ही मंडळाचे संस्थापक वामनराव उंदिरवाडे यांची सून. मुलगी झोपते तेवढ्या वेळात, तुकड्या-तुकड्याने तिने हा मजकूर लिहिला आहे. कुठे वाक्य मध्येच तुटले असेल तर तिथे मुलगी उठली, एवढे समजून घ्यावे. त्यात कोणताही कट नाही.

२. आपल्या नमुन्यातील पहिला रकाना 'मंडळाची स्थापना कोणी केली' असा आहे. त्याचे खरे उत्तर 'बंद पडलेला जनरेटर' असे आहे. वामनराव तरुणपणी गायन पार्टीत व्हायोलिन वाजवत. जयंतीच्या दिवसांत आज सावली गावाकडे, उद्या कुरखेड्याकडे असा पार्टीचा फेरा असे. माईकची वायर आखूड, म्हणून वामनरावांना कायम साउंडच्या भोंग्याला चिकटून उभे राहावे लागे. गाणाऱ्याला हार मिळत, वामनरावांना भोंगा मिळे. त्यांच्या कानांचे पुढे जे झाले त्याची सुरुवात तिथे आहे.

एका जयंतीला, दिवेलागणीच्या सुमारास, कार्यक्रम रंगात असताना जनरेटर बंद पडला. भोंगा मुका झाला. मागची गर्दी उठून पाण्याच्या टाकीकडे गेली. वामनराव डोळे मिटून वाजवत होते, त्यांना काही कळलेच नाही. पुढच्या रांगेतल्या बाया मात्र उठल्या नाहीत, कारण त्यांच्या मांडीवर लेकरे झोपली होती. त्या सरकून जवळ आल्या. पेटीवर कमलाबाई होत्या. तेव्हा त्या अंगणवाडीत नुकत्याच लागल्या होत्या. वामनराव थांबायला लागले तसे त्या म्हणाल्या, "वाजवा ना भाऊ! थांबता काऊन? आता तं कुठी ऐकू येऊन राह्यलं." त्यानंतर वामनरावांनी पार्टी सोडली. मंडळाचा स्थापनादिन हाच धरावा. जनरेटरच्या मालकाचे नाव मंडळाकडे नाही. नाहीतर त्याचा सत्कार केला असता.

३. समाजमंदिराच्या मागे एक खोली होती. तिच्यात लग्नाच्या सतरंज्या, फुटकी बादली आणि उंदीर राहत. सतरंज्या पुढच्या हॉलमध्ये गेल्या, बादली फेकली, उंदरांनी मंडळाचे सदस्यत्व घेतले. बुधवार हा गावच्या बाजाराचा दिवस. बाजारातून मोकळे झालेले लोक दुपारी येऊ शकतात, म्हणून बैठक बुधवारी. आपण नियमावली मागितली आहे. लेखी नियमावली नाही, पण तोंडी तीन नियम आहेत आणि ते आजवर मोडलेले नाहीत. साउंड लावायचा नाही. दार लोटून घ्यायचे. आणि शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत कोणी उठायचे नाही, खोकायचे नाही, हाकेला ओ द्यायची नाही. एकदा खुद्द सरपंचांना त्यांच्या घरून बोलावणे आले, दारात माणूस उभा राहिला, तरी सरपंच सूर संपल्यावरच हलले. तिसऱ्या नियमाची साहेबांनी कृपया नोंद घ्यावी. पुढे त्याचे काम आहे.

४. मंडळातील तिसरे वादक इतवारी कुमरे. हे आतल्या जंगल-गावातून मोहफुले, चारोळी घेऊन बाजाराला येत. एका बुधवारी ते खोलीच्या भिंतीला टेकून बाहेरच बसले. वामनराव बाहेर येऊन म्हणाले, "आत या ना भाऊ, बाहेर काऊन बसले?" इतवारीभाऊ म्हणाले, "भिंत मस्त वाजून राह्यली." पुढच्या बाजाराला ते आपली किंगरी घेऊन आले. किंगरी म्हणजे कातड्याने मढवलेले, घोड्याच्या केसांच्या तारांचे, गजाने वाजवायचे वाद्य. त्यांच्या घराण्यात ती पिढ्यान्‌पिढ्या देवांच्या कथा सांगायला वाजते.

अडचण अशी झाली की पेटीचा सूर ठरलेला आणि किंगरीचा मनाचा. कमलाबाई म्हणाल्या, "माही पेटी काई सरकत नाई भाऊ, तुमचीच तार सरकवा." इतवारीभाऊ म्हणाले, "तार जंगलातली आहे बाई, ते पेटीचं काऊन ऐकन?" हा वाद एक अख्खा हंगाम चालला. शेवटी कमलाबाईंनी ठरवले की किंगरी सुरू असली की पेटीने गप्प बसायचे, आणि इतवारीभाऊंनी ठरवले की पेटी सुरू असली की आपण. त्यामुळे दोघांना एकमेकांचे वाजवणे पहिल्यांदा नीट ऐकता आले. पुढे ती दोन्ही आपोआप एका जागी आली. कशी, ते दोघांनाही सांगता येत नाही. आपल्या नमुन्यात 'वाद विवाद/तंटे असल्यास' हा रकाना आहे, म्हणून हे लिहिले.

५. 'मंडळाने केलेले सार्वजनिक कार्यक्रम' : एक. जिल्ह्याच्या ठिकाणी एका महोत्सवात मंडळाला बोलावले होते. वामनरावांनी समोरचे माईक हात जोडून काढायला लावले. समोर भलामोठा मंडप भरलेला होता. त्यातल्या पहिल्या दोन रांगांपलीकडे कोणालाही काही ऐकू गेले नाही. मंडळाला 'उत्कृष्ट सादरीकरण' असे प्रमाणपत्र मिळाले. देणारे पाहुणे नवव्या रांगेत बसले होते.

६. 'मंडळाची एकूण क्षमता, वॅटमध्ये' या रकान्यावर मंडळाने बराच विचार केला. खोलीत एक दिवा आहे, तो नऊ वॅटचा आहे. तेवढीच क्षमता नोंदवावी.

७. आता मुख्य गोष्ट. मामाजींना, म्हणजे वामनरावांना, ऐकू येणे गेल्या काही वर्षांत फार कमी झाले आहे. भोंग्याने खाल्लेले कान परत येत नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. उरले आहे तेही हळूहळू जाणार, हेही सांगितले. माणसाचे बोलणे त्यांना आता ओठांवरून कळते. पण व्हायोलिन हनुवटीखाली धरले की ते जबड्याच्या हाडातून आत जाते. तेवढे एक दार उघडे आहे. अर्जदार लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटले होते, म्हातारा माणूस डोळे मिटून लाकडावर गाल का टेकवतो! नंतर कळले.

अर्जदाराची मुलगी संघप्रिया जन्मली, तेव्हा गावातल्या रिवाजाप्रमाणे तिला घराबाहेर पहिल्यांदा आणले ते या खोलीत. बिजाटोल्यात अलीकडे जन्मलेले प्रत्येक लेकरू पहिले तिथेच येते. त्याची जातपात कोणी पाहत नाही, फक्त दूध पाजून आणावे एवढी अट. मामाजींनी तिचे डोके व्हायोलिनच्या पोटाला टेकवले आणि एक सूर लांब ओढला. मुलगी रडायची थांबली. मामाजींनी विचारले, "तिले ऐकू आलं का गं?" अर्जदाराने मान हलवली. ते म्हणाले, "मग होऊन जाते. माहं कमी झालं, तिचं चालू झालं." त्या दिवसापासून ते अर्जदारालाही व्हायोलिन शिकवत होते. ते तारेवर बोट दाबत, अर्जदार गज ओढी, आणि सूर चुकला की ते हनुवटीनेच ओळखत. असे शिकवणे आणखी किती दिवस शक्य आहे ते डॉक्टर सांगत नाहीत. एवढे मात्र नक्की, की व्हायोलिन सीलबंद खोलीत असताना ते शक्य नाही.

८. सील का लागले, तर फार मोठा आवाज केल्याबद्दल.

मार्चमध्ये समाजमंदिराच्या पुढच्या हॉलमध्ये लग्न होते. गावातलाच चंदन याचा डीजे लागला. घरांवरची कवेलू हलली, हे खरे आहे. कोणीतरी तक्रार केली, हेही योग्यच झाले. आपले पथक मात्र दोन दिवसांनी, बुधवारी दुपारी आले. तोवर डीजे टेम्पोत बसून दुसऱ्या गावच्या लग्नाला गेला होता. पथकाला हॉल रिकामा दिसला आणि मागच्या खोलीवर 'बुधवार बैठक मंडळ' अशी पाटी दिसली. आत चार माणसे आणि काही लेकुरवाळ्या बाया होत्या. पथकाने आवाज मोजायचे यंत्र काढले आणि वाजवायला सांगितले. काटा हलला नाही. पथकप्रमुख म्हणाले, "जरा जोरानं वाजवा ना, काटा उठून नाई राह्यला." कमलाबाईंनी भाता जोरात मारला. काटा हलला नाही. मग एका साहेबांना शिंक आली, तेव्हा हलला. पंचनाम्यात जो आकडा आहे तो त्या शिंकेचा असावा, असा मंडळाचा नम्र अंदाज आहे. कारण आमच्यातले कोणीही तेवढा आवाज कधीच काढलेला नाही.

खोलीला लाखेचे सील लागले. व्हायोलिन आणि पेटी आत राहिली. पंचनाम्यात व्हायोलिनचे वर्णन 'तारा असलेले लाकडी उपकरण, पोकळ, संशयास्पद' असे आहे. किंगरी इतवारीभाऊंच्या खांद्यावर होती. ते काय आहे हे पथकाला कळले नाही, म्हणून ती वाचली. याबद्दल पथकाचे वेगळे आभार.

९. त्यानंतर काय काय झाले ते थोडक्यात. चंदन हा मंडळाचा वैरी नाही. तो स्वतः कित्येक बुधवारी मागे येऊन बसतो आणि म्हणतो, "इथी आलं का कान थंड होते." तो आपणहून आपल्या कार्यालयात आला आणि म्हणाला, "साहेब, आवाज माहा होता." त्याला सांगण्यात आले की फाईल मंडळाच्या नावाची आहे, त्यात त्याचा आवाज घेता येत नाही. आपला आवाज मोठा असल्याचा दाखला आणला तर विचार करू. तो दाखला कोण देते हे तो अजून शोधत आहे.

मग मंडळाला पत्र आले की आपल्याकडील ध्वनिक्षेपक तात्काळ जमा करावेत, म्हणजे सील काढण्याचा विचार होईल. मंडळाकडे ध्वनिक्षेपक नाहीत असे लेखी कळवले. उत्तर आले की 'नाहीत' हे जमा करता येत नाही. चंदनने कीव येऊन आपला एक फुटका बॉक्स दिला. तो बैलगाडीत घालून आपल्या कार्यालयात नेला. तपासणीत तो वाजत नाही असे आढळले आणि 'नादुरुस्त ध्वनिक्षेपक स्वीकारता येत नाही, तो आधी दुरुस्त करून वाजवून दाखवावा' असा शेरा मिळाला. तो बॉक्स सध्या अर्जदाराच्या परसात आहे. त्यात कोंबडी अंड्यांवर बसली आहे.

यातले बरेचसे अर्जदाराने आपल्यासमोर येऊन सांगण्याचा प्रयत्न केला होता. परंतु आपल्या दालनातील कूलर एवढा गरजतो, की अर्जदार काय म्हणाली ते आपणांस कळले नसावे. आपण "बरं, बरं" म्हणालात. ध्वनी-नियमन कक्षातील कूलरवर मंडळाला काहीही भाष्य करायचे नाही.

१०. आता गेल्या बुधवारचा प्रसंग.

आपण तारीख दिली होती. 'सर्व सदस्यांनी उपलब्ध वाद्यासह हजर राहावे' असे पत्रात होते, म्हणून मामाजी, कमलाबाई, किंगरीसह इतवारीभाऊ, मुलीसह अर्जदार आणि आपली चूक कबूल करण्याच्या आशेने चंदन, असे सगळे आपल्या व्हरांड्यात सकाळपासून बसलो. दुसरेही बरेच लोक आपापल्या तारखांना आले होते. बाहेर मे महिना होता, म्हणजे काय ते साहेबांना सांगायला नको. आपल्या कूलरची पाठ व्हरांड्यातल्या खिडकीतून बाहेर येते. ती तिथे बसणाऱ्यांच्या कानाशी गरजते आणि खांद्यावर ठिबकते. दुपार झाली. मुलगी कळवळून रडू लागली. पाजले, फिरवले, थांबेना. लोक कपाळाला आठ्या घालून बघू लागले. आमच्या मंडळातून एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच निघाला, आणि नेमके त्या दिवशी पथकाचे यंत्र तिथे नव्हते.

बुधवार होता, दुपार होती. इतवारीभाऊंनी किंगरी काढली. मामाजींना ते वाजवतात हे दिसत होते, ऐकू येत नव्हते. ते उठून इतवारीभाऊंच्या शेजारी बसले आणि त्यांनी किंगरीच्या दांडीला हनुवटी टेकवली. दोन म्हाताऱ्यांची डोकी एका काठीशी लागली. मार्चपासून मामाजींच्या तोंडावर अर्जदाराने जे पाहिले नव्हते ते त्या व्हरांड्यात दिसले. ते काय होते याला अर्जाच्या भाषेत शब्द नाही. मुलगी गप्प झाली.

तेव्हा आपले शिपाई लटारूभाऊ दारात आले आणि त्यांनी पुकारा केला, "बिजाटोला मंडळ!" सूर चालू होता. आमच्यातले कोणी उठले नाही, कोणी ओ दिली नाही. बिजाटोल्यात वाढलेल्या माणसाकडून दुसरे काही होतच नाही; चंदनसारखा डीजेवालासुद्धा मांडीवर हात ठेवून तसाच बसून राहिला. आदेशात 'तीनदा पुकारा करूनही मंडळ गैरहजर' असे लिहिले आहे. पुकारा एकदाच झाला. लटारूभाऊ दुसऱ्यांदा तोंड उघडणार होते, पण त्यांनी ते मिटले आणि दाराला हात लावून तसेच उभे राहिले. याबद्दल त्यांना जाब विचारू नये, ही मंडळाची विनंती आहे. सूर विरला तेव्हा ते दबक्या आवाजात म्हणाले, "आता उठा ना बाप्पा, साहेबानं फाईल बंद केली." आम्ही सगळे एकदम उठलो. उशीर झाला होता.

एकतर्फी आदेश असा, की पावसाळ्यापूर्वी खोलीतील 'ध्वनी-साहित्याची' विल्हेवाट लावावी. विल्हेवाट लावणारे येतील तेव्हा त्यांना एक व्हायोलिन सापडेल. त्याच्या हनुवटीच्या जागी लाकूड झिजून खळगा पडला आहे. तो एकाच माणसाच्या जबड्याच्या मापाचा आहे. दुसऱ्या कोणाच्या काही कामाचा नाही.

११. सबब मागणी एवढीच आहे. सील काढावे आणि मामाजींचे व्हायोलिन त्यांना परत द्यावे. मंडळाला अनुदान नको, मानपत्र नको, तक्रारीची माफीही नको. पेटी पुढच्या तारखेला दिली तरी कमलाबाई थांबतील, त्या म्हणतात, "माहे कान शाबूत हायेत, मले घाई नाई." घाई फक्त एका माणसाची आहे, आणि त्याला स्वतःची घाई ऐकू येत नाही, म्हणून अर्जदार त्याच्या वतीने करते आहे.

१२. अर्जदाराला एक शेवटची गोष्ट नमूद करायची आहे. तिचा पुरावा नाही, त्यामुळे ती विचारात घेतली नाही तरी चालेल.

इतवारीभाऊंनी किंगरी सुरू केली तेव्हा खिडकीतला कूलर गरजत होता. थोड्या वेळाने तो बंद झाला. वीज गेली नव्हती. व्हरांड्यातला पंखा फिरत होता, बाबूंच्या खोलीत दिवा होता. फक्त कूलर बंद झाला होता. सूर पूर्ण विरेपर्यंत तो बंदच होता, आणि विरल्यावरही जरा वेळ. मग तो पुन्हा सुरू झाला, आणि त्यानंतर बंद केलेली फाईल बाहेर आली. अर्जदाराने लटारूभाऊंना विचारले, कूलरचे बटन कुठे आहे? ते म्हणाले, "साहेबाच्या खुर्चीपाशी. दुसऱ्या कोनाचा हात पोचत नाई तिथी."

मे महिन्यातल्या दुपारी, बंद दालनात, स्वतःच्या हाताने कूलर बंद करून बसलेला एक माणूस त्या खुर्चीत होता. 'गैरहजर' असा शेरा लिहिणाराही त्याच खुर्चीत होता. दुसऱ्याशी मंडळाचे भांडण नाही. तो त्याचे काम करतो. हा अर्ज पहिल्याच्या हातात पडावा, एवढीच कळकळीची विनंती.

आपली नम्र, व त्या दिवशी हजर असलेली,
रश्मी संघपाल उंदिरवाडे
मु. बिजाटोला
दिनांक : मे महिन्याचा शेवटचा सोमवार

सोबत :
१) वरील इतिहास, आणखी दोन प्रतींत. (दुसऱ्या प्रतीच्या कोपऱ्यावरील ओला, चघळलेला भाग कु. संघप्रिया हिचा आहे. खाडाखोड समजू नये.)
२) वामनराव उंदिरवाडे यांच्या कानांचा डॉक्टरी दाखला.
३) 'आवाज माहा होता' असे चंदनचे सहीचे निवेदन.
४) किंगरी अर्जाला जोडता येत नाही. ती येत्या बुधवारी दुपारी आपल्या व्हरांड्यात येईल. पुकारा करण्यापूर्वी कृपया थोडे थांबावे.